उन्हाळ्याच्या तोंडावर पुण्यात टेकडी, झाडं आणि चित्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की आमच्या रविवारच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच प्रश्न सुरू होतात, कुठे जायचं, उन्हाचं काय, चित्र काढता येत नसेल तर चालेल का, पोराला आणू का. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतेय. आम्ही काही संस्था वगैरे नाही, चालायची आणि चित्रांची आवड असलेली पुण्यातली माणसं आहोत, फी नाही, नोंदणी नाही. प्रश्न जसे येतात तशीच उत्तरं आहेत, क्रम असा काही नाही.

उन्हाळ्यात टेकडीवर कोण जातं? सगळं वाळलेलं असतं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. गवत वाळलेलं असतं हो, झाडं नाही. आपल्याकडची कितीतरी झाडं नेमकी याच दिवसांत फुलतात, आधी पानं गाळून मोकळी होतात आणि मग बिनपानांच्या फांद्यांवर फुलं येतात, त्यामुळे ती लांबून दिसतात, पक्ष्यांनाही आणि आपल्यालाही. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार असते हे खरंय पण तेव्हा एक झाड दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. आत्ता फांद्यांची ठेवण दिसते, सालीचा रंग दिसतो, घरटी दिसतात, खालचा काळा दगड दिसतो. चित्र काढणाऱ्याला तर याच्याइतका चांगला सीझन नाही कारण सावल्या ठळक पडतात. अट एकच, सकाळ गाठायची.

नक्की कुठल्या महिन्यात काय बघायला मिळतं?

फेब्रुवारीच्या शेवटापासून धरा. काटेसावर, पांगारा आणि पळस हे तीन लाल-केशरी मंडळी तेव्हा जोरात असतात. मार्चमध्ये वावळाला चपट्या गोल पापड्यांचे घोस लागतात, लांबून वाटतं झाडाला पोपटी पालवीच फुटलीय पण जवळ गेलं की कळतं ही फळं आहेत, एकेक उचलून उन्हासमोर धरा, कागदासारखी पातळ पापडी, त्यात जाळीसारख्या शिरा आणि बरोब्बर मध्यावर एक बी. पुढे त्या वाळतात आणि वाऱ्यावर उडून रस्त्याकडेला ढीग होतात, रोज चपलेखाली येतात पण कोणी वाकून बघत नाही. याच सुमाराला पिंपळाची तांबूस पालवी, करंजाची कोवळी पानं आणि खाली पडलेला जांभळट-पांढरा सडा, आणि संध्याकाळी कडुलिंबाच्या मोहराचा वास. नीलमोहर म्हणजे जॅकरांडा मार्च-एप्रिलमध्ये. एप्रिलच्या मध्यापासून बहावा, आणि बहावा एकदा पूर्ण फुलला की त्याच्याखाली उभं राहून वर बघितल्याशिवाय घरी जाऊ नका. मग गुलमोहर, सोनमोहर आणि तामण. तामण आपलं राज्यफूल आहे, गुलमोहर मादागास्करचा आणि जॅकरांडा दक्षिण अमेरिकेतला, तिघंही पुण्याच्या रस्त्यांवर शेजारी शेजारी दिसतात.

दर वर्षी आठ-दहा दिवस पुढेमागे होतं, त्यामुळे "अमुक तारखेला बहावा असेल का" असं विचारू नका, येता-जाता नजर ठेवा.

किती वाजता निघायचं?

सूर्योदय मार्चअखेरीला साडेसहाच्या आसपास आणि एप्रिलच्या मध्यावर सव्वासहाच्या सुमाराला होतो. आम्ही सहाला पायथ्याशी भेटतो, नऊपर्यंत खाली. पुण्याची एप्रिलची दुपार चाळिशीला टेकते, पण पहाट अजून सुखाची असते, हा शहराचा मोठाच गुण आहे आणि तो वापरला नाही तर उन्हाळा नुसता घाम पुसण्यात जातो. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी संध्याकाळी साडेपाचला निघावं पण अंधार पडायच्या आत टेकडी उतरायची, यात तडजोड नाही.

पहिल्यांदाच येतोय, कुठून सुरुवात करू?

चालायची सवय असेल तर वेताळ टेकडी. शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, आणि वर जायला पाषाणकडून पंचवटी, गोखलेनगर, चतुःशृंगी, लॉ कॉलेजची बाजू, पौड रोड अशा बऱ्याच वाटा आहेत. तुमच्या घराला जवळची धरा. वर जुनी दगडाची खाण आहे, तिथला उभा कापलेला कडा बघण्यासारखा आहे, हा आपला दख्खनचा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पेन्सिल आडवी धरून त्या दगडाची उभी-आडवी चिरफाड कागदावर उतरवायला घ्या, अर्धा तास कसा गेला कळत नाही.

टेकडीवर एक झाड तुम्हाला जिथे तिथे दिसेल, गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेलं, फोटोत फार छान येतं. ते गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. मूळ मध्य अमेरिकेतलं, आपल्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून प्रचंड प्रमाणात लावलं गेलं. दिसायला सुंदर आहे यात वाद नाही, पण त्याच्या दाट रांगांमध्ये पाच मिनिटं उभे राहा आणि मग एखाद्या सावरीखाली पाच मिनिटं उभे राहा, पक्ष्यांची वर्दळ कुठे आहे ते स्वतःच ऐका. मला वाटतं नवीन लावताना आता तरी आपली झाडं लावावीत.

चढ नको असेल तर तळजाई किंवा पुणे विद्यापीठाचा परिसर, तिथली जुनी मोठाली झाडं बघायला एक सकाळ पुरत नाही.

मला झाडं ओळखता येत नाहीत, अॅप वापरू का?

वापरा की. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला तर लोक नाव सुचवतात. पण माझं म्हणणं असं की नाव कळलं की आपण बघायचं थांबवतो, म्हणून आधी बघा, मग नाव विचारा. सुरुवातीला तीन लाल फुलं वेगळी ओळखायला शिका.

काटेसावरीचं फूल मोठं, जाड मेणचट पाच पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका, आणि खाली पडलं की धप्प आवाज येतो. खोडावर, निदान कोवळ्या झाडाच्या, जाड काटे. पांगाऱ्याचे तुरे फांदीच्या टोकाला, एक मोठी लाल पाकळी वर उठलेली. पळस तर पानांवरूनच ओळखू येतो, पळसाला पानं तीनच, ते कुठेही जा. पण फूल हातात घेऊन बघा, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी केशरी पाकळी सगळ्यांना माहीत असते, तिच्या मागचा देठाजवळचा काळपट हिरवा मखमली कप कोणी बघत नाही. बोट फिरवलं की मऊ लव लागते. पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजूलाही रुपेरी लव असते म्हणून सकाळच्या उन्हात ते केशरी जरा धुरकट दिसतं, नुसता ऑरेंज ट्यूबमधून काढून लावला तर चित्र खोटं वाटतं ते याचमुळे. शहरात पळस कमी आहेत, बाहेर पडलं की माळावर आणि बांधांवर जास्त दिसतात.

पक्षी दिसतात का या दिवसांत?

भरपूर. थंडीतले पाहुणे बदक वगैरे मार्चमध्ये परतीला लागतात म्हणून नदीकाठच्या कवडीपाटला आत्ता गेलात तर थंडीतली मजा नाही. पण इथलेच पक्षी सध्या घर मांडायच्या गडबडीत असतात. तांबट पक्षी ऐकायला शिका, तो दिवसभर टुक टुक टुक करत असतो, तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा. आवाज कुठून येतोय ते काही केल्या कळत नाही कारण तो ओरडताना डोकं इकडून तिकडे वळवतो. वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला एकदम गोल भोक दिसलं तर तिथे त्याची ढोली असू शकते. वड, पिंपळ, उंबर फळलेले असतील तिथे हरियाल बघा, आपला राज्यपक्षी, पिवळे पाय आणि पानांत मिसळून जाणारा रंग, आधी पडणारी फळं दिसतात आणि मग हळूहळू एकेक पक्षी दिसायला लागतो. एम्प्रेस गार्डनमध्ये धनेश दिसतो. आवाजासाठी मर्लिन अॅप बरं आहे, पण स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवू नका, विणीच्या हंगामात त्यांची फुकट धावपळ होते.

मला चित्र अजिबात काढता येत नाही. तरी येऊ?

तुमच्यासारख्यांसाठीच तर हे सगळं आहे. आम्ही चालायला जाणं आणि चित्र काढणं या दोन वेगळ्या गोष्टी मानत नाही. कागदावर काढायला बसलं की डोळे झाडावर टिकतात, एवढाच चित्राचा उपयोग धरा, चांगलं आलं तर आनंदच आहे. फोटो दोन सेकंदात निघतो आणि आपण पुढे जातो. बहाव्याचा एक घोस काढायला बसलात तर वीस मिनिटांत तुम्हाला कळतं की वरची फुलं आधी उमलतात आणि टोकाकडच्या गोळ्या अजून बंद आहेत, पाकळ्या पाच आहेत, केसर काही लांब वळलेले आणि काही आखूड. हे मी सांगून तुमच्या लक्षात राहणार नाही, हाताने काढलं की राहतं.

पद्धत अगदी साधी. पहिली पाच मिनिटं पेन्सिल खिशात, फक्त बघायचं. मग झाडाचा बाहेरचा आकार एका रेषेत, पानं काढायची नाहीत. मग मुख्य फांद्या कुठून फुटतात. मग सावली कुठल्या बाजूला आहे ती पेन्सिलने आडवी भरायची. खोडरबर आम्ही पहिले काही रविवार आणूच देत नाही, चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी रेष काढा, झालं. आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, जागा आणि ऐकू आलेला एक आवाज लिहायचा. पुढच्या वर्षी तीच पानं उघडली की बहावा लवकर आला की उशिरा ते तुमच्याच हातात लिहिलेलं सापडतं.

एकच झाड धरा आणि मार्च ते मे दर आठवड्याला त्याचंच चित्र काढा, घराजवळचं असलं तर आणखी चांगलं. दहा ठिकाणं पालथी घालण्यापेक्षा यातून जास्त शिकायला मिळतं, हे मी नव्या प्रत्येकाला सांगते.

सामान काय लागतं? खर्च किती?

टूबी आणि फोरबी पेन्सिल, एक वही, मागे टेकायला पुठ्ठा, कागद उडू नये म्हणून दोन क्लिपा. बस. रंगवायचंच असेल तर शाळेतली वॉटरकलरची डबी चालते. सगळं अप्पा बळवंत चौकात मिळतं. कागदावर जरा पैसे घालवा, वॉटरकलरसाठी निदान २०० जीएसएमचा (म्हणजे तेवढा जाड) घ्या नाहीतर पहिल्याच पाण्याने कागद फुगतो. शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावर हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची, खादीच्या चळवळीतून उभी राहिलेली, त्या कागदाचा खरखरीतपणा दगड आणि साल काढायला फार छान.

उन्हात वॉटरकलर लगेच वाळतो, डाग पडतात, काय करू?

कागद सावलीत ठेवा हे पहिलं. उन्हातला पांढरा कागद डोळ्यांवर चमकतो, मग आपण रंग उगाच गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. आभाळासारखा मोठा भाग रंगवायचा असेल तर आधी नुसत्या पाण्याने ओला करून घ्या, रंग वाटीत आधीच भरपूर कालवून ठेवा, आणि मोठा ब्रश वापरा, लहान ब्रशने भरत बसलात की पहिली कड वाळून रेघ उमटते. पाणी उडवायची स्प्रेची बाटली जवळ असावी. आणि खरं सांगायचं तर एप्रिलनंतर बाहेर पेन्सिल आणि घरी रंग, हाच शहाणपणा.

दहानंतर दिवसभर काय करायचं मग?

आता दगडी आणि लाकडी जागा. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर लेणं आहे, साधारण आठव्या शतकातलं, एकाच बेसाल्टमध्ये कोरलेलं, बाहेर वाहतुकीचा गोंगाट आणि आत पाय ठेवला की गारवा. समोरचा गोल नंदीमंडप काढायला घ्या, गोल छत आणि खालचे जाडजूड खांब, पर्स्पेक्टिव्हचा याच्याहून चांगला धडा नाही. सकाळी वेताळ टेकडीच्या खाणीत जो दगड बघितला तोच इथे माणसाने कसा कोरला ते बघायचं, म्हणून आम्ही या दोन जागा एकाच दिवशी ठेवतो.

बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बहुतेक पुणेकरांनी शाळेच्या सहलीत घाईघाईने बघितलेलं असतं. परत जा, आणि सगळं बघायचा हट्ट सोडून द्या. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला, जवळपास २०,००० वस्तू जमवल्या. तुम्ही फक्त दिवे आणि अडकित्ते बघा आणि त्यांच्यावरचे प्राणीपक्षी शोधा. मोर, पोपट, हत्ती. सकाळी टेकडीवर खरा मोर बघून दुपारी पितळेचा बघितला की लक्षात येतं कारागिराने काय ठेवलं आणि काय गाळलं, मान ठेवली, तुरा ठेवला, पिसारा दोन रेघांत आटपला. हे वहीत काढून बघा.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती मात्र चुकवू नका. अठराव्या शतकातलं छोटंसं देऊळ, तीन सोंडांचा मयूरारूढ गणपती, आणि दर्शनी भिंतीवर काळ्या दगडात कोरीवकाम. त्यात एक गेंडा आहे, साखळदंडांनी बांधलेला, आणि त्याला बांधणारे इंग्रजी पोषाखातले शिपाई. पुण्यातल्या देवळावर गेंडा कुठून आला, कोरणाऱ्याला त्यातून काय सांगायचं होतं, यावर आमच्यात दर वर्षी चर्चा रंगते. शक्यतो सकाळी किंवा उशिरा दुपारी जा, ऊन तिरपं असलं की कोरलेलं उठून दिसतं. देवळात पूजा चालू असते हे लक्षात ठेवून एका बाजूला बसा.

विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे लाकडी खांबही बघण्यासारखे. वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. निघण्याआधी सगळ्याच ठिकाणांच्या वेळा फोन करून विचारून घ्या, आणि महापालिकेच्या बागा भर दुपारी बहुधा बंद असतात हेही डोक्यात ठेवा.

आर्ट गॅलरीत जायला संकोच वाटतो. विकत घ्यायचं नसेल तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, चित्रं बघायलाच लावलेली असतात. बालगंधर्व रंगमंदिराचं कलादालन, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन, शनिवार पेठेत सुदर्शन, अशा ठिकाणी सरळ आत शिरायचं. बरीच प्रदर्शनं थोड्याच दिवसांची असतात त्यामुळे पेपरातली छोटी बातमी बघून लगेच जावं. चित्रकार बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो, त्याला "छान आहे" एवढंच म्हणून निघू नका, हे कुठे बसून काढलं, कुठला कागद, असं विचारा, माणूस खुलतो. नवशिक्याला एका प्रदर्शनातून एकच चित्र निवडून त्याच्यासमोर दहा मिनिटं उभं राहायला मी सांगते.

मंडईत, पेठांत बसून स्केच केलं तर लोक चिडतात का?

नाही हो, उलट गर्दी करतात. महात्मा फुले मंडईला मेट्रोने जाता येतं आता, सकाळी साडेसातला जा, मधला उंच अष्टकोनी मनोरा, खाली भाजीचे ढीग, याच दिवसांत कैऱ्या आणि करवंदं. फक्त माणसांचं चित्र काढण्याआधी विचारायचं. "मावशी, तुमचं नि गाळ्याचं चित्र काढू का?" म्हटलं की मावशी पदर सारखा करतात आणि मग हलत नाहीत, तेव्हा त्यांना सांगा की काम चालू द्या. गिऱ्हाइकाच्या वाटेत बसायचं नाही, आणि झालेलं चित्र दाखवल्याशिवाय उठायचं नाही. जमलं तर अर्धा किलो काहीतरी घ्या.

मुलांना आणायचं का? कंटाळतात ती.

त्यांना झाडांची नावं पाठ करायला लावली तर कंटाळणारच. पानावर पातळ कागद ठेवून मेणाच्या खडूने घासायला द्या, शिरांचा ठसा उमटतो. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांतली एक वेगळी, पांढरट आणि ठिपक्यांची असते, ती शोधायला लावा. खाली पडलेली पळसाची फुलं घरी नेऊन पाण्यात उकळा, पिवळा-केशरी रंग निघतो, त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की तो आणखी गडद होतो, आणि त्याच रंगाने पळसाचंच चित्र रंगवा.

मेमध्ये एक खास दिवस असतो. साधारण १३ मेला पुण्यात सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. साडेबाराच्या सुमाराला गच्चीत एक उभी बाटली किंवा नळकांडं ठेवा, सावली गायब होते. त्याआधीच्या तासाभरात दर दहा मिनिटांनी कागदावर सावलीचं टोक खुणावून ठेवायला सांगा, पोरं स्वतःच डोळे विस्फारतात. डोक्यावर टोपी मात्र हवीच.

आई-बाबांना घेऊन कुठे जाता येईल?

एम्प्रेस गार्डन. सपाट, भरपूर सावली, बसायला जागा, आणि झाडांवर चढलेल्या त्या अजस्र वेली बघायच्याच. सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यानही चांगलं, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, पाणी, दगड आणि पूल यांची मांडणी चित्र म्हणून बघा. बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर टेकडीचा आग्रह धरू नका.

घरच्या घरी काही करता येईल का? रविवारी बाहेर पडणं जमत नाही.

चैत्रांगण काढा. चैत्रात गौर झोपाळ्यावर बसते तेव्हा तिच्यासमोर अंगणात काढायची ही रांगोळी, अक्षय्य तृतीयेपर्यंत. गुढी, चंद्र-सूर्य, शंख, कमळ, तुळस, गोपद्म, हत्ती, नाग, कासव, सगळं त्यात येतं. म्हणजे आपल्या आज्या या दिवसांत रोज निसर्गाचं चित्र काढतच होत्या, तेही फरशीवर, हाताने, खोडरबराशिवाय. आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्या घरची चिन्हं वहीत उतरवून घ्या, घराघरात थोडी वेगळी असतात. आणि काकूंनी आंब्याची डाळ नि पन्हं पुढे केलं तर नाही म्हणू नका.

साप, वणवा, एकटं जाणं, किती काळजी करायची?

घाबरायचं नाही, पण बेफिकीरही राहायचं नाही. दगडाखाली आणि कपारीत हात घालायचा नाही, बसण्याआधी जागा बघायची, पायात बूट. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे विषारी साप आपल्या भागात आहेत. चावलाच तर चिरणं-बांधणं काही न करता, माणसाला हलू न देता, १०८ ला फोन आणि सरळ मोठं हॉस्पिटल.

वणव्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मार्च-एप्रिलमध्ये टेकडीवरचं गवत कोरडंठाक असतं, एक सिगारेट किंवा कोणीतरी गंमत म्हणून लावलेली काडी पुरते. टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, तित्तिर गवतात असतो, सरडे, कासवं, कोवळी रोपं, या सगळ्यांना पळायला जागा नसते. वर्ष-दोन वर्षं लोकांनी कॅन वाहून जगवलेली रोपं तासाभरात जातात. धूर दिसला तर व्हिडिओ काढत बसू नका, अग्निशामक दलाला १०१ वर किंवा वनखात्याच्या १९२६ वर फोन करा आणि स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूने खाली उतरा.

आडवाटेला एकट्याने जाऊ नये, बाईमाणूस असो की पुरुष. निदान घरी सांगून जा, लोकेशन शेअर करा. प्यायला माणशी दीड लिटर पाणी, त्यात थोडं मीठ-साखर-लिंबू. अंगभर सुती कपडे, टोपी किंवा पंचा. चक्कर, मळमळ, घाम येईनासा होणं यातलं काही वाटलं तर चित्र तिथेच सोडून सावली गाठा आणि सोबत्याला सांगा.

फुलं, पानं, बिया घरी आणल्या तर चालतात का?

खाली पडलेलं, तेही चित्रापुरतं, दोन-चार. झाडावरचं तोडायचं नाही, घरटं तर हलवायचं नाहीच. बहाव्याची फांदी वाकवून सेल्फी काढणाऱ्यांना आम्ही नम्रपणे पण दर वेळी टोकतो.

खाली आल्यावर खायला कुठे?

यावर ग्रुपमध्ये एकमत होणं शक्य नाही म्हणून दुकानांची नावं लिहीत नाही. तरी उन्हातून आल्यावर लगेच तर्रीवाली मिसळ नको, दिवसभर तहान तहान होते. पोहे, मग उसाचा रस किंवा कोकम सरबत. नीरा सकाळी लवकरच प्या, ऊन चढलं की ती आंबायला लागते. ताडगोळे दिसले तर थांबा.

पुण्याबाहेर एखादा दिवस काढायचा असेल तर?

सिंहगडाच्या पायथ्याची दरी. उन्हाळ्यात ओढ्यातल्या उरलेल्या डबक्यांवर पक्षी पाण्याला येतात, नशीब असेल तर लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक दिसतो. डबक्यापासून लांब, एका जागी गप्प बसायचं, अगदी कडेला कॅमेरा लावून बसलं की बिचारे तहानलेले परत जातात. मार्चमध्ये ताम्हिणीकडे गेलात तर कुसुंबाची लालभडक पालवी बघा, लोक तिला फुलं समजतात.

संध्याकाळी काही असतं का?

२१ एप्रिल ते २० मे टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. टेकडीवरून उतरून हात-पाय धुऊन तिकडे जाणारे आमच्यात बरेच आहेत. शिवाय १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन आणि १८ मेला संग्रहालय दिन, त्या सुमाराला वाडे, लेणी, संग्रहालयांतून काही ना काही कार्यक्रम होतात, पेपरवर लक्ष ठेवा.

मे संपला की थांबता का?

नाही, वेळ बदलतो. मेच्या शेवटाला पावशा "पेरते व्हा" ओरडायला लागतो, नवरंग पक्षी येतो, वळवाची एखादी सर पडली की वाटा घसरड्या होतात, तेव्हा टेकडीऐवजी सपाटीवरच्या जागा आणि भिजला तरी चालेल असा कागद. जूनचं ठिकाण ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टाकते, पेन्सिलीला टोक काढून या.